टॅक्सी अ‍ॅप परदेशात नेताना: परवाना, रिकाम्या गाड्या आणि पहिले तीन महिने

प्रश्न असा आहे: एका देशात चांगलं चालणारं टॅक्सी अ‍ॅप दुसऱ्या देशात न्यायचं असेल तर कामाचा क्रम काय ठेवायचा? आणि हाताशी पैसा, तंत्रज्ञान, अनुभव सगळं असूनही मोठमोठ्या कंपन्या परदेशातून माघार का घेतात?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण पहिलं त्यावरच उभं आहे. अ‍ॅप दुसऱ्या देशात न्यायला फार दिवस लागत नाहीत. पण हा धंदा प्रत्येक शहरात नव्याने उभा करावा लागतो. एका शहरात दहा हजार ड्रायव्हर जोडले म्हणून दुसऱ्या शहरातल्या प्रवाशाला गाडी एक मिनिटही लवकर मिळत नाही. उबरने डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसपासून अमेरिकेबाहेर सुरुवात केली आणि पुढची काही वर्षं एकामागून एक देश जोडले. मग ऑगस्ट २०१६ मध्ये चीनचा व्यवसाय तिथल्या दीदी या टॅक्सी कंपनीला दिला, २०१७ मध्ये रशियाचा व्यवसाय यांडेक्स या रशियन कंपनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत घातला आणि मार्च २०१८ मध्ये आग्नेय आशिया तिथल्या ग्रॅब या कंपनीला दिला. ओला २०१८ मध्ये पर्थमधून ऑस्ट्रेलियात आणि कार्डिफमधून ब्रिटनमध्ये शिरली, पाठोपाठ न्यूझीलंडमध्येही गेली. एप्रिल २०२४ मध्ये तिने तिन्ही देश सोडले. नकाशावर देश रंगवत जाणं सोपं आहे. हिशेब मात्र एकेका शहराचा, किंबहुना शहरातल्या एकेका भागाचा मांडावा लागतो.

तो हिशेब कसा असतो ते एकदा आकड्यांत पाहू.

चाळीस चौरस किलोमीटरचा एक भाग घ्या. त्यात रिकाम्या गाड्या इतस्ततः विखुरल्या आहेत असं धरलं, तर प्रवाशापासून सर्वांत जवळच्या रिकाम्या गाडीचं सरासरी हवाई अंतर काढायचं सूत्र साधं आहे: दर चौरस किलोमीटरमागे किती गाड्या ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या, त्याची दुप्पट करा आणि एकाला त्याने भागा. रस्ते सरळ नसतात म्हणून आलेल्या उत्तराला १.३ ने गुणा. गर्दीच्या वेळी वेग ताशी १५ किलोमीटर धरा. या भागात फक्त ४ गाड्या रिकाम्या असतील तर गाडी साधारण २ किलोमीटरवरून येते आणि प्रवाशाला ८ मिनिटं थांबावं लागतं. १६ असतील तर ४ मिनिटं. ६४ असतील तर २ मिनिटं. म्हणजे थांबण्याचा वेळ निम्मा करायचा तर रिकाम्या गाड्या चौपट लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही व्यवहारात फार महाग पडतात. पहिली: त्याच १६ गाड्या चाळीसऐवजी चारशे चौरस किलोमीटरवर पसरल्या तर थांबणं ४ मिनिटांवरून जवळजवळ १३ मिनिटांवर जातं. पहिल्या दिवशी अख्खं शहर खुलं करणाऱ्याचं इथेच चुकतं. प्रवासी अ‍ॅप उघडतो, १३ मिनिटं पाहतो, बंद करतो आणि पुन्हा उघडत नाही. दुसरी: आठाची चार मिनिटं झाली तर प्रवाशाला फरक जाणवतो, चाराची दोन झाली तर फारसा नाही. म्हणून आधीपासून बसलेली मोठी कंपनी अजिंक्य नसते. तुम्ही एका भागात ४ मिनिटांवर आलात की प्रवासी दोन्ही अ‍ॅप ठेवतो, ड्रायव्हरही दोन्ही फोन डॅशबोर्डवर लावतो. मात्र हाच न्याय तुमच्यानंतर येणाऱ्यालाही लागू आहे. जिंकलेलं शहर जिंकलेलंच राहील असं गृहीत धरून पुढच्या देशाचं बजेट आखू नये.

आता किती ड्रायव्हर लागतील ते पाहा. समजा तासाला ३० फेऱ्या आहेत आणि प्रवाशाकडे जाण्याचा वेळ धरून एक फेरी २५ मिनिटांची आहे. म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी १२.५ गाड्या भाड्यात असतात. ४ मिनिटांत गाडी द्यायची तर वर १६ रिकाम्या हव्यात. एकूण २९ गाड्या लॉगिन हव्यात. सेवा दिवसाचे १८ तास आणि ड्रायव्हर ८ तास चालवणार, तर रोज ६५ पाळ्या भराव्या लागतात. प्रत्येकाची आठवड्यातून एक सुटी धरली की ७६ माणसं झाली. नोंदणी करूनही एकही फेरी न करणारे प्रत्येक शहरात बरेच निघतात, त्यामुळे कागदपत्रं पूर्ण झालेले शंभराहून जास्त ड्रायव्हर हाताशी असल्याशिवाय एवढासा भागसुद्धा सुरू करू नये.

पण या २९ ड्रायव्हरांच्या पदरात काय पडतं? तासाला जेमतेम एक फेरी. एवढ्यावर कोणी थांबत नाही, म्हणून तासाला किमान कमाईची हमी द्यावी लागते. हमी तासाला १०० आणि एका फेरीतून ड्रायव्हरच्या हाती ४५ येतात असं धरा. चलन कोणतंही असो. २९ जणांची हमी २,९००, फेऱ्यांतून आले १,३५०, खिशातून गेले १,५५०. म्हणजे फेरीमागे सुमारे ५२. फेऱ्या तासाला १२० झाल्या की ५० गाड्या भाड्यात आणि १६ रिकाम्या मिळून ६६ गाड्या लागतात. हमी ६,६००, फेऱ्यांतून ५,४००, फरक १,२००, फेरीमागे १०. तासाला २४० फेऱ्यांवर हा भार फेरीमागे तीन-साडेतीनवर येतो. प्रत्यक्षात खर्च याहून जास्त येतो, कारण ज्याने १०० पेक्षा जास्त कमावले तो वरचे पैसे परत देत नाही आणि ज्याला एकही फेरी मिळाली नाही त्याला पूर्ण १०० द्यावे लागतात. तरी दिशा हीच राहते. हमी देणं चूक नाही. फेऱ्या वाढत नसताना ती देत राहणं चूक आहे. दर आठवड्याला फेरीमागचा भार काढायचा. सलग चार आठवडे तो उतरला नाही तर हमी वाढवू नका, भाग लहान करा.

हमीच्या अटी पहिल्या दिवशीच लिहून द्याव्यात: ठरलेल्या भागात, ठरलेल्या तासांत, आलेल्या फेऱ्यांपैकी ठरावीक टक्के स्वीकारून. आणि जिथे हमी तिथे बनावट फेऱ्या, हेही गृहीत धरा. चीनमध्ये कंपन्यांची ड्रायव्हर-प्रवाशांना अनुदान देण्याची चढाओढ टोकाला गेली तेव्हा ड्रायव्हरांना खोट्या फेऱ्या पुरवणाऱ्या टोळ्याच उभ्या राहिल्या होत्या. खुणा सगळीकडे सारख्याच सापडतात. प्रवाशाचं खातं कालच उघडलेलं असतं आणि त्याच्या सगळ्या फेऱ्या एकाच ड्रायव्हरबरोबर असतात. दोन खात्यांमागे एकच फोन किंवा एकच कार्ड निघतं. जीपीएसची रेघ नको इतकी गुळगुळीत असते, सिग्नलला कुठे थांबणं नाही, उंच इमारतींमध्ये शिरल्यावर दिसणारी थरथर नाही. हे तपासणारा माणूस पहिल्या आठवड्यापासून नेमलेला हवा. महिन्याच्या शेवटी पैसे वाटून झाल्यावर पकडलेली चोरी वसूल होत नाही, आणि प्रामाणिक ड्रायव्हरांना तोवर शेजाऱ्याची युक्ती कळलेली असते.

आता परवाना. क्रमाने हे सगळ्यात आधीचं काम आहे. नव्या देशात पहिला प्रश्न हाच विचारायचा: कायद्याच्या लेखी आम्ही कोण? 'आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो' हे उत्तर युरोपियन महासंघात २० डिसेंबर २०१७ ला संपलं. बार्सिलोनाच्या टॅक्सीचालक संघटनेच्या खटल्यात युरोपियन न्यायालयाने उबरच्या खासगी गाड्यांच्या सेवेला वाहतूक सेवा ठरवलं आणि तिला कोणते नियम लावायचे हे सदस्य देशांवर सोडलं.

बहुतेक देशांत दोन कप्पे असतात. एक मीटर असलेली, रस्त्यात हात दाखवून थांबवता येणारी टॅक्सी. दुसरा आधी बुक करूनच घ्यायची भाड्याची गाडी. अ‍ॅप बहुधा दुसऱ्या कप्प्यातून शिरतं, आणि त्या कप्प्याच्या अटी देशागणिक बदलतात. जर्मनीत अशा गाडीने प्रवाशाला सोडल्यावर, वाटेत नवी ऑर्डर आली नसेल तर, मालकाच्या ठिकाणी परत जायचं असतं. रिकामी धाव वाढते आणि वरचं सगळं गणित बिघडतं. स्पेनमध्ये ३० टॅक्सींमागे एक असं परवान्यांचं प्रमाण ठरवलं गेलं होतं, त्यामुळे तिथे सुटे ड्रायव्हर शोधत फिरून उपयोग नाही; परवाने ज्यांच्या हातात आहेत त्या ताफेवाल्यांशी बोलावं लागतं आणि त्यांचा वाटा भाड्यात धरावा लागतो. डेन्मार्कच्या २०१७ च्या टॅक्सी कायद्याने मीटर आणि सीटमध्ये प्रवासी ओळखणारे सेन्सर सक्तीचे केले. उबरने त्याच एप्रिलमध्ये देश सोडला. जपानमध्ये खासगी गाडीतून पैसे घेऊन प्रवासी नेण्याची वाट एप्रिल २०२४ मध्ये उघडली, तीही टॅक्सी कंपन्यांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक भागांत, ठरावीक तासांत.

ब्रिटनचं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे नियम थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरवावा लागतो. ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर (बुकिंग घेणारी कंपनी) असे तीन परवाने लागतात आणि तिन्ही एकाच स्थानिक प्राधिकरणाचे असावे लागतात. म्हणजे जवळची गाडी शोधताना अंतर पाहण्याआधी ही जुळणी तपासायची. ड्रायव्हरच्या परवान्याची, गाडीच्या परवान्याची आणि विम्याची मुदत, तिन्ही तारखा डिस्पॅचला, म्हणजे कोणत्या गाडीला फेरी द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेला, जोडलेल्या हव्यात. मुदत मध्यरात्री संपली तर बारा वाजून एक मिनिटाने त्या गाडीला फेरी जाता कामा नये. 'सकाळी ऑफिस उघडल्यावर बंद करू' हे चालत नाही. चालू फेरीच्या मध्ये मुदत संपली तर काय करायचं हेही आधी ठरवा: फेरी पूर्ण होऊ द्यायची, पुढची द्यायची नाही. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१९ मध्ये उबरचा परवाना नाकारला तेव्हाचं एक मुख्य कारण असंच होतं. अनधिकृत माणसांनी दुसऱ्या ड्रायव्हरांच्या खात्यावर स्वतःचे फोटो चढवले आणि अशा किमान १४,००० फेऱ्या झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये अपिलात परवाना मिळाला, पण तोवर चेहरा पडताळणीची साखळी नव्याने बांधावी लागली. फोटो बदलणं हे पासवर्ड बदलण्याइतकं सोपं ठेवू नका. बदलला की खातं थांबवा आणि माणसाने तपासूनच सुरू करा.

आडवाटेने परवाना मिळवण्याचा मोह सगळ्यांना होतो. एस्टोनियाच्या टॅक्सिफायने, म्हणजे आजच्या बोल्टने, २०१७ मध्ये परवाना असलेली एक छोटी कंपनी घेऊन लंडनमध्ये सेवा सुरू केली. तीन दिवसांत ती थांबवावी लागली आणि परत यायला जून २०१९ उजाडलं. परवाना विकत घेता येतो, नियामकाचा विश्वास त्याच्याबरोबर येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जिथे टॅक्सी संघटना बळकट आहेत तिथे लढण्याऐवजी टॅक्सीवाल्यांनाच अ‍ॅपवर घ्यावं. उबरने हंगेरी २०१६ मध्ये सोडला होता. २०२४ मध्ये ती फोटॅक्सी या बुडापेस्टच्या जुन्या टॅक्सी कंपनीबरोबर परतली. डेन्मार्कमध्ये २०२५ ला डॅनटॅक्सी या तिथल्या टॅक्सी कंपनीबरोबर परतली. या मार्गाने फेरीमागचं कमिशन कमी मिळतं, पण ड्रायव्हर, विमा, मीटर आणि परवाने तयार मिळतात. हमीवरचा खर्चही बराच वाचतो, कारण त्या ड्रायव्हरांना तुमच्याशिवायही भाडी मिळत असतात.

पैसे घेण्याची पद्धत हा तिसरा विषय. मूळ देशात सगळे कार्डाने पैसे देतात म्हणून नव्या देशातही देतील असं नसतं. उबरने मे २०१५ मध्ये हैदराबादपासून रोखीने भाडं घ्यायला सुरुवात केली आणि पुढे अनेक देशांत तीच पद्धत नेली. त्याआधी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशातून वळवलेल्या, दुसऱ्या टप्प्याची (ओटीपीसारखी) पडताळणी नसलेल्या कार्ड व्यवहारांना मनाई केली होती. फेरी संपल्यावर कार्डातून आपोआप पैसे कापायचे ही कल्पना त्या देशाच्या बँक नियमांत बसते का, हे सुरू करण्याआधीच तपासा.

रोखीत कमिशनचा प्रवाह उलटा होतो. पैसे ड्रायव्हरच्या खिशात असतात आणि तो तुमचं देणं लागतो. हे देणं वाढू दिलं की तो दुसऱ्या अ‍ॅपवर जातो किंवा भावाच्या नावाने नवं खातं उघडतो. मर्यादा एका दिवसाच्या कमिशनच्या आसपास ठेवा. मर्यादा जवळ आली की खातं लगेच बंद करू नका. त्याला कार्डाच्या फेऱ्या आधी द्या, देणं आपोआप फिटतं. तरी नाही फिटलं तर रोखीच्या फेऱ्या थांबवा. रोखीचा दुसरा धोका जिवाचा आहे. साओ पाउलोत २०१६ मध्ये उबरने रोख सुरू केल्यावर ड्रायव्हरांवरचे हल्ले वाढले आणि रोखीने जाणाऱ्या प्रवाशाकडून ओळख म्हणून करदाता क्रमांक घेणं सुरू करावं लागलं. कार्ड नसलेल्या प्रवाशाची ओळख कशाने पटवायची हे ठरल्याशिवाय, विशेषतः रात्रीची, रोख सेवा उघडू नये. इथे घाई करणारा माणूस ड्रायव्हरचा जीव पणाला लावत असतो.

विमा तीन तुकड्यांत पाहायचा: अ‍ॅप चालू पण फेरी नाही, फेरी स्वीकारून प्रवाशाकडे जाताना, आणि प्रवासी गाडीत असताना. खासगी पॉलिसी पैसे घेऊन केलेली वाहतूक बहुधा वगळते, आणि व्यावसायिक पॉलिसी पहिल्या तुकड्यात लागू आहे का हे वाचावं लागतं. भांडणं होतात ती बहुतेक या पहिल्या तुकड्यातच. फेरी कोणत्या सेकंदाला स्वीकारली याची नोंद सर्व्हरवर ठेवा, फोनवरच्या घड्याळावर विसंबू नका.

कामगार कायद्याबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबरच्या ड्रायव्हरांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क असलेले कामगार मानलं, आणि कामाचा वेळ लॉगिनपासून मोजला. न्यायालयाने कशाकडे पाहिलं? भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, फेऱ्या नाकारल्या तर कंपनी लॉगआउट करते. म्हणजे वर सांगितलेली 'ठरावीक टक्के फेऱ्या स्वीकारा' ही हमीची अट वकिलाच्या हातात नियंत्रणाचा पुरावा ठरू शकते. म्हणून अट ठेवायचीच तर हमीपुरती ठेवा; फेरी नाकारणाऱ्याची हमी जाईल, खातं जाणार नाही. युरोपियन महासंघाचा २०२४ चा प्लॅटफॉर्म कामाविषयीचा निर्देश सदस्य देशांनी २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे आणि त्यात नियंत्रण दिसलं की नोकरीचं नातं गृहीत धरलं जातं. तिथे जाणाऱ्याने फेरीमागचा खर्च दोन्ही प्रकारे काढून पाहावा. ड्रायव्हर कामगार ठरला तर धंदा तोट्यात जात असेल, तर ते शहर निवडूच नये.

नकाशा, पत्ते, भाषा यांवर थोडक्यात. पिकअपची खूण इमारतीच्या मधोमध पडते आणि दार मागच्या रस्त्याला असतं, ही तक्रार प्रत्येक शहरात येते. विमानतळ, स्टेशन, रुग्णालय, मॉल अशी सर्वाधिक फेऱ्यांची पन्नासेक ठिकाणं माणसाने प्रत्यक्ष जाऊन नोंदवावीत. विमानतळावर ड्रायव्हरांची रांग क्रमाने ठेवा, जवळच्या गाडीला फेरी देण्याचा नियम तिथे बंद करा, नाहीतर सगळे दाराशी घुटमळतात. प्रवासी आणि ड्रायव्हर यांचे नंबर झाकण्यासाठी स्थानिक आभासी नंबर लागतात, ते मिळायला दूरसंचार नियमांमुळे आठवडे जातात. हे काम परवान्याच्या अर्जाबरोबरच सुरू करा.

वेगळं काही देता येत असेल तर अनुदानाची स्पर्धा टाळताही येते. रशियातल्या याकुत्स्कमधून निघालेल्या इनड्राइव्ह या टॅक्सी कंपनीने प्रवाशाला भाडं सुचवू दिलं आणि ड्रायव्हरला ते मान्य करायचं, नाकारायचं किंवा वाढवून मागायचं स्वातंत्र्य दिलं. ड्रायव्हरला कुठे जायचं आणि किती मिळणार हे आधीच दिसतं. जिथे ड्रायव्हर फोन करून 'कुठे जायचंय?' विचारतात आणि मग रद्द करतात, तिथे ही रचना थेट त्या दुखण्यावर बोट ठेवते.

शेवटी माघारीबद्दल, कारण तीही आधीच आखायची असते. उबरने चीन सोडताना दीदीमध्ये १७.७ टक्के आर्थिक हिस्सा घेतला, आग्नेय आशिया सोडताना ग्रॅबमध्ये २७.५ टक्के. म्हणजे तोट्यातल्या शहरांतले ड्रायव्हर आणि प्रवासी विकण्याजोगी मालमत्ता होती. पण ती विकताना स्पर्धा आयोग आड येतो: सिंगापूरने ग्रॅबबरोबरच्या व्यवहाराबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून १.३ कोटी सिंगापूर डॉलरचा दंड केला. विकत घेणारा बाजारातला एकमेव उरणार असेल तर आधी मंजुरी घ्या, मग ड्रायव्हर हलवा. विकत घ्यायला कोणी नसेल तर सेवा बंद करण्याची तारीख ड्रायव्हरांना काही आठवडे आधी कळवा, त्यांच्यापैकी कित्येकांनी तुमच्या भरवशावर गाडीचं कर्ज काढलेलं असतं. त्यांची बाकी शेवटच्या फेरीनंतर चुकती करा, हमीची देय रक्कम धरून. अपघातांचे दावे नंतर येतात, म्हणून फेऱ्यांच्या नोंदी आणि विम्याचे कागद कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपा, आणि तोवर उत्तर देणारा एक माणूस त्या देशात पगारावर ठेवा.